रामटेके काकांची नाकाबंदी

आमच्या बिल्डिंगमधले रामटेके काका समोर आले की नमस्कार करत नाहीत, ‘कसं काय’ विचारत नाहीत. ते म्हणतात, “जीभ काढ.”

आणि माणसं काढतात. जिन्यात काढतात, पार्किंगमध्ये काढतात, हातात दुधाची पिशवी आणि कानाला मोबाइल असतानाही काढतात. गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेऊन आलेल्या माणसानं ते खाली न ठेवता काढलेली मी पाहिली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बोरकरांच्या मुलीला पाहायला अमरावतीहून पाहुणे आले, तेव्हा गेटवर काकाच उभे होते. मुलाचे वडील गाडीतून उतरले, काकांनी “जीभ काढा जी” म्हटलं, आणि इथली हीच पद्धत असेल असं समजून त्या भल्या माणसानं काढली. काका म्हणाले, “पांढरा थर हाये. रात्री दही खाल्लं तुम्ही.” त्यांनी खरोखरच खाल्लं होतं. लग्न जमलं. पण वरात दारात आली तेव्हा व्याह्यांनी पहिला प्रश्न विचारला तो ‘ते जीभवाले गृहस्थ कुठं आहेत’ हाच.

काका जिभेकडे पाहतात ते आपण नळाच्या तोटीत डोकावून पाहतो तसं. एक डोळा बारीक करून, मान तिरपी करून. मग निकाल. “गुलाबी. जा.” किंवा “पिवळी. गरमी हाये, मिरची कमी कर.” किंवा नुसतं “थांब.” या ‘थांब’ला आमची बिल्डिंग घाबरते. ‘थांब’ म्हणजे तुमच्या जिभेवर पांढरा थर आहे, दोन दिवसांत तुम्हाला सर्दी होणार आहे, आणि आता काका तुम्हाला सोडणार नाहीत. एकदाच त्यांचं निदान अडलं. वायरिंग करायला आलेल्या माणसाच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. काका बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “ही जीभ नाई गा, सरकारी ऑफिसातल्या जिन्याचा कोपरा हाये.”

काका आणि काकू चार वर्षांपूर्वी जुन्या नागपुरातल्या महाल भागातलं घर सोडून इकडे मनीषनगरला आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. काका उंच, काटकुळे, अडुसष्ट वर्षांचे. सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. महालातल्या कोणत्या गल्लीखालून कोणती लाइन कुठे वळते हे त्यांना डोळे मिटून सांगता येतं. काकू गणिताच्या शिक्षिका होत्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, बोलता बोलता समोरच्याला कोडं घालणाऱ्या. मूलबाळ नाही.

पाणीपुरवठ्यातला माणूस चिनी वैद्यकाकडे कसा वळला याची गोष्ट काका स्वतःच सांगतात. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर गर्दी लोटते तेव्हा ते दरवर्षी पिण्याच्या पाण्याच्या व्यवस्थेत सेवा करायचे. एका वर्षी तैवानहून काही भिक्खुणी आल्या होत्या. काकांचं नाक आठ दिवसांपासून वाहत होतं. त्यांनी एका म्हाताऱ्या भिक्खुणीला पेला भरून दिला आणि दोनदा शिंकले. तिनं पेला बाजूला ठेवला, त्यांचा हात ओढला, आणि अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसात आपलं बोट रुतवलं.

“डोयातून पाणी आलं गा,” काका सांगतात, “आन् नाकातलं बंद झालं.”

जाताना तिनं त्यांना एक पातळसं पुस्तक दिलं. सगळं चिनी लिपीत. काकांना त्यातलं एक अक्षर कळेना. पण आत माणसाच्या शरीराचं चित्र होतं, त्यावर रेघा, रेघांवर ठिपके. काकांनी चष्मा लावला आणि ते उडालेच. “हे तर पाइपलाइनीचं ड्रॉइंग हाये!”

त्या दिवसापासून काकांनी चिनी वैद्यक नागपूरच्या पाण्यात कालवलं. पुढे त्यांनी इंग्रजी पुस्तकं मिळवली, शब्दकोश घेऊन वाचली, दोन जाडजूड वह्या भरल्या. पण समजावून सांगताना ते डिपार्टमेंटच्याच भाषेत सांगतात. “पाहा गा सुधीर. शरीरात चौदा मेन लाइनी हायेत. त्याच्यावर साडेतीनशेच्या वर व्हॉल्व. व्हॉल्व जाम झाला का प्रेशर पडते. प्रेशर पडलं का बाहेरचा वारा आत घुसते. कुठून घुसते? इथून.” आणि ते आपलं गार बोट नेमकं मानेवर, केस संपतात तिथे ठेवतात. आपण दचकतो. “पाहा, घुसला. आता नाक गळून राहिलं म्हणून नाक पुसत बसणं म्हणजे लीकेज न शोधता रस्ता पुसत बसणं हाये.”

म्हणून काका भर मे महिन्यातही मानेला पंचा गुंडाळून असतात. नागपूरच्या उन्हात आम्ही सगळेच बाहेर पडताना डोक्याला दुपट्टा बांधतो, पण घरात आलो की सोडतो. काका उलटे. ते कूलरसमोर बसताना बांधतात. “उन्हाची लू दिसते, लोक तिले भेतात. कूलरचा वारा गोड बोलून घुसते.”

दिवाळी संपली की काकांची खरी मोहीम सुरू व्हायची, ती संक्रांतीनंतर थंडी ओसरेपर्यंत. सकाळी कोवळ्या उन्हात ते पार्किंगमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे आणि ऑफिसला निघालेल्या प्रत्येकाचे हात दाबायचे. अंगठ्याजवळचा एक व्हॉल्व, नाकपुड्यांच्या बाजूचे दोन, गुडघ्याच्या खाली चार बोटांवरचा एक. या शेवटच्याला ते ‘ओव्हरहेड टँक’ म्हणायचे, कारण तो भरलेला असला की वर्षभर चिंता नाही. शिवाय आलं, गूळ आणि पातीच्या कांद्याचा फक्त पांढरा भाग उकळून केलेला काढा. उरलेल्या हिरव्या पातीचा काकू झुणका करायच्या. खरं सांगायचं तर काढा आम्ही त्या झुणक्याच्या आशेनं प्यायचो.

हे सगळं करताना काका गमतीत नसायचे. बोरकरांची तीच मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आणि कौतुकानं हात पुढे करून म्हणाली, “काका, माझाही दाबा ना.” काकांनी हात मागे घेतला. “तुह्या नाई दाबत वं बाई. पोटुशी बाईचा हा व्हॉल्व उघडाचा नसते. पुस्तकात लिहून हाये.” तिला त्यांनी फक्त गरम पाणी पाजलं आणि जिना उतरून जाईपर्यंत तिच्याकडे पाहत उभे राहिले.

नागदवण्याचं प्रकरण मात्र सगळ्या गल्लीला कळलं. चिनी लोक एका झाडाची सुकी पानं जाळून त्यांचा शेक गुडघ्याखाली देतात, असं काकांनी वाचलं. महालातल्या एका जडीबुटीवाल्याशी दोन दुपारी चर्चा करून त्यांनी ठरवलं की ती पानं म्हणजे आपल्याकडच्या नागदवण्याची भावंडं. पोतंभर पानं आली. काकांनी ती कुटून, कागदात गुंडाळून सिगारसारख्या जाड कांड्या केल्या आणि रविवारी गच्चीवर पेटवल्या. वास असा की खालच्या मजल्यांवर लोकांनी खिडक्या लावल्या. सोसायटीचे सेक्रेटरी उमाठे तणतणत वर गेले. पाहतात तर काका पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून बसलेले, हातात धुमसती कांडी, डोळे मिटलेले.

“काका, या वयात हे काय फुकून राहिले तुम्ही?”

“फुकून नाई राहिलो, शेकून राहिलो. बस. पॅन्ट वर कर.”

उमाठे भांडायला गेले होते, ते पाऊण तासानं खाली आले. दोन्ही गुडघे लालेलाल, चेहऱ्यावर मात्र कमालीचं समाधान. त्या रात्री त्यांना म्हणे फार वर्षांनी सलग झोप लागली. फक्त उमाठे वहिनींनी त्यांना त्याआधी दोनदा आंघोळ करायला लावली, तीही जानेवारीत.

या सगळ्यानं आमच्या बिल्डिंगमधल्या सर्द्या कमी झाल्या का? मला विचाराल तर झाल्या. आता त्या व्हॉल्वमुळे झाल्या का, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कारण काका हात दाबण्याआधी प्रत्येकाला साबणानं हात धुवायला लावायचे, आणि ज्याचं नाक वाहतंय त्याला सरळ घरी बसवायचे. “चिनी औषधात साबण कुठून आला काका?” असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “साबण माह्या डिपार्टमेंटचा हाये.”

पण त्यांचा सगळ्यात कडक बंदोबस्त असायचा तो त्यांच्या स्वतःच्या दारावर. काकू संध्याकाळी हॉलमध्ये मुलांना गणित शिकवायच्या. आमची तन्वी सातवीत आहे, तीही जायची. आठ-दहा पोट्टे चपला काढून रांगेत उभे, आणि उंबऱ्यात काका. हात धुतले? जीभ. मान झाकली? आत. या चौकीला बिल्डिंगमध्ये ‘नाकाबंदी’ हेच नाव पडलं होतं. ज्याच्या नाकातून सूं सूं आवाज आला त्याला प्रवेश नाही. पण त्याचा अभ्यासही बुडायचा नाही. काकूंनी कागदावर लिहून दिलेली गणितं घेऊन काका स्वतः त्याच्या घरी जायचे आणि सोडवून झाली की परत न्यायचे. मुलांनी यावर उपाय काढला. वर जाण्याआधी नारिंगी गोळ्या चोखायच्या, म्हणजे थर दिसत नाही. काकांनी पहिल्याच दिवशी सगळी टोळी पकडली. “साऱ्या बिल्डिंगच्या जिभा एकाच रंगाच्या? माह्या नोकरीत असं झालं असतं तर म्या टाकीच रिकामी केली असती.”

एक गोष्ट मात्र आमच्या लक्षात आली होती. काका साऱ्या जगाचे हात दाबायचे, पण काकूंचा कधी दाबला नाही. काकूंना काढा दिला नाही, कांडीचा शेक दिला नाही. आम्ही चिडवायचो, “काका, घरच्या मंत्र्याले भेता काय तुम्ही?” काकूच हसून म्हणायच्या, “माझ्यावर नाही चालत त्यांचं. मी गणिताची आहे, मला आधी सिद्धता लागते.” आणि आम्ही सगळे हसायचो. शिकवताना त्या खिडकीजवळ, मुलांपासून जरा लांब बसायच्या, तोंडाला मास्क लावून. खडूची धूळ सोसत नाही, म्हणायच्या.

या जानेवारीत शहरात सर्दी-तापाची साथ आली. घरोघरी कोणीतरी खोकत होतं. काकांनी पहिल्याच आठवड्यात शिकवणी बंद केली. दाराला आतून कडी. वीस दिवस वर कोणाला जाऊ दिलं नाही. जिन्यात काकूंचा आवाज यायचा बंद झाला. एकदा त्या बाल्कनीत दिसल्या. मी खालून विचारलं, “काय चाललं काकू?” त्या म्हणाल्या, “काही नाही. समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या मोजून राहिले. सम आहेत.”

मग साथ ओसरली असं वाटलं, आणि एका रविवारी दुपारी काकूंनी आम्हा पाच-सहा जणांना बोलावलं. सांबारवडी केली होती. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि थंडीत तो बाजारात ढिगांनी येतो. काकूंच्या हातची सांबारवडी म्हणजे बाहेरून कुरकुरीत, आत खसखस, खोबरं आणि हिरवागार सांबार, सोबत गरम कढी. ती खाल्ल्यावर माणूस दोन दिवस दुसऱ्या कोणाच्या घरी जेवायला जात नाही.

आणि मला शुक्रवारपासून सर्दी होती.

मी काय केलं ते लपवत नाही. गोळी घेतली. वाफ घेतली. बेसिनसमोर उभं राहून जीभ घासली, चांगली गुलाबी होईपर्यंत. वैशाली, माझी बायको, म्हणाली, “अहो, राहू द्या ना, मी तुमच्यासाठी चार वड्या घेऊन येते.” पण एक तर घरी आणलेली सांबारवडी मऊ पडते. आणि दुसरं म्हणजे पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला सगळ्यांदेखत ‘थांब’ म्हणवून घ्यायची लाज वाटते.

काका दारात होतेच. “जीभ काढ.”

मी काढली. त्यांनी एक डोळा बारीक केला. मान तिरपी केली. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ पाहिलं. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, “कोण, सुधीर का? ये रे लवकर! गरम आहेत तोवर ये!”

काका क्षणभर तसेच उभे राहिले. मग बाजूला झाले. “जा.”

मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. इतक्या वर्षांची नाकाबंदी मी फोडली होती. अकरा वड्या खाल्ल्या. काकूंनी त्या दिवशी मास्क लावला नव्हता. स्वतः तळत होत्या, वाढत होत्या, शाळेतल्या गमती सांगत होत्या. बोरकर काकूंना हसून हसून ठसका लागला. मला एकदाच शिंक आली, तेव्हा मी बेसिनवर गेलो आणि नळ जोरात सोडून त्या आवाजात शिंकून घेतलं.

बुधवारी सकाळी वरच्या दाराला कुलूप दिसलं. उमाठे म्हणाले, “काकूले पहाटे रामदासपेठेत भरती केलं. न्यूमोनिया म्हणून राहिले.”

माझं ऑफिस रामदासपेठेतच आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी दवाखान्यात गेलो. वरच्या मजल्यावर, काचेच्या दाराबाहेर काका बाकावर बसले होते. पाठ ताठ, दोन्ही हात मांड्यांवर, पाणी सोडायच्या वेळेची वाट पाहत ड्युटीवर बसावं तसे.

“आला काय गा,” एवढंच म्हणाले आणि बाकावर सरकून जागा केली.

मी काही विचारण्याआधी आतून एक नर्स कागद घेऊन आली. “आजोबा, हे राहिलं. ट्रान्सप्लांट होऊन किती वर्षं झाली?”

“सहावं सुरू हाये.”

“डोनर नात्यातला होता का?”

“हाव. मीच.”

तिनं लिहून घेतलं आणि गेली. मी काकांकडे पाहत राहिलो. चार वर्षं हा माणूस माझ्या डोक्यावर राहत होता.

“काकूची किडनी…?”

“दोन्ही गेल्या होत्या.” काका समोरच्या भिंतीकडे पाहून बोलत होते. “माह्याकडं दोन पंप होते. एक चालू, एक स्टँडबाय पडून. तो तिच्या लाइनीवर लावून टाकला. आमच्या लग्नात पत्रिका नाई पाहत. इथं डॉक्टरनं पाहिली. सारे गुण जुळले.”

मला हसू आलं नाही. त्यांनाही ते अपेक्षित नव्हतं.

“आता दुसऱ्याचं अंग आत बसवलं का शरीर त्याले बाहेर फेकाले पाहते,” ते म्हणाले. “म्हणून तिले रोज गोया असतात, शरीराची ताकद दाबून ठेवाच्या. ताकद दाबली का साधी सर्दीही मोठी होते. म्या डॉक्टरले म्हटलं, मी चिनी काढा देतो, ताकद वाढवतो. डॉक्टर चिडले. म्हणे, आजोबा, ताकद वाढवाचीच नाई. जडीबुटी तिच्या गोयायशी भांडते, काहीच देऊ नका. दाबू म्हटलं तर जरासं दाबलं का तिच्या हाताले निळा डाग पडते.” त्यांनी आपला अंगठा पाहिला. “इतकं शिकलो गा मी. दोन वह्या भरल्या. आन् तिच्यासाठी त्यातलं एक कामाचं नाई. मंग म्हटलं, तिले नाई तर तिच्या चारी बाजूच्या लोकायले तर देता येते.”

“मग तुम्ही सांगितलं काहून नाही काका? आम्ही जपलं असतं.”

“ती नको म्हणे. महालात सांगितलं होतं. लोक चांगले, भलं पाहणारे. पण यायचे बंद झाले. आपल्यामुळं काही व्हाले नको म्हणून. एक वर्ष दार लावून राहिलो आम्ही. ती भिंतीवर खडूनं गणितं मांडे आन् स्वतःच सोडवे. जेवत नसे. औषध सारं वेळेवर, रिपोर्ट चांगले, आन् बाई वाळत चालली. मंग म्या घर बदललं. म्हटलं, पोट्टे येऊ दे, लोक येऊ दे, दारावर मी पाहतो.”

मला तिथे बसवेना. मी उठलो, पुन्हा बसलो, आणि बोलून टाकलं. “काका, रविवारी मले सर्दी होती. मी गोळी खाऊन, जीभ घासून आलो होतो.”

काका म्हणाले, “माहीत हाये.”

“माहीत हाये म्हणजे?”

“दिसली ना. घासून मधली जीभ गुलाबी होते, कडा नाई होत. डोये लाल होते तुह्ये. श्वास तोंडानं घेऊन राहिला होता तू.”

“मग मले आत काहून सोडलं?”

काचेच्या दारामागून एका यंत्राची टिकटिक येत होती.

“तिनं आवाज देल्ला ना,” काका म्हणाले. “वीस दिवसांत ती इतक्या मोठ्यानं बोलली नव्हती. सकाळी पाचला उठून सांबार निवडत बसली होती. गाणं म्हणत होती. म्या पाहिलं तुह्याकडं, म्हटलं याले परत पाठवला तर ती इचारन काहून पाठवला. तिच्या तोंडावरचं ते…” त्यांनी हातानं हवेतच काहीतरी पुसलं. “म्हटलं, जाऊ दे. एक दिवस. तू नको मनाले लावून घेऊ गा. दारावर मी होतो. सोडणारा मी हाये.”

मला त्यांचा हात धरायचा होता, पण त्याआधी जाऊन आपला हात साबणानं धुवावा की काय अशा विचारात मी पडलो आणि तसाच बसून राहिलो.

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी पुन्हा गेलो. ताप उतरला नव्हता, पण वाढलाही नव्हता. आत कोणाला थांबू देत नव्हते. नर्सनं काकांना जवळजवळ रागावूनच घरी जायला सांगितलं. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून मनीषनगरला आणलं. त्यांच्या मजल्यावर सोडलं, त्यांनी किल्ली काढली, कुलपात घातली आणि मी खाली आलो.

पाच मिनिटांनी आमची बेल वाजली. काका उभे होते. किल्ली हातातच होती.

“सुधीर, जेवणं झाली काय तुमची?”

“नाही अजून. या ना काका.”

“मले येते सैपाक,” ते उंबऱ्यातच म्हणाले. “भाजी येते, भाकर येते. पण एकट्यापुरता भात किती टाकाचा, त्याचा अंदाज नाई गा मले.”

वैशालीनं आणखी एक ताट घेतलं. वरण-भात, वांग्याची भाजी. काका खाली मान घालून जेवले. मग हात धुऊन तन्वीला म्हणाले, “त्रिकोणाचं ते गणित सुटलं काय वं तुले? तुही काकू आत नेताना इचारत होती.” तन्वीनं वही आणली. काकांना ते गणित येत नव्हतं. तरी ते शेवटपर्यंत तिच्या शेजारी बसून राहिले.

अकरा दिवस काका रोज आमच्याकडे जेवले. काकूंना बाराव्या दिवशी घरी सोडलं. निम्म्या झाल्या होत्या, पण गाडीतून उतरताच त्यांनी तन्वीला त्रिकोणाचं उत्तर विचारलं आणि ते चुकलं म्हणून सांगितलं. बिल्डिंगला आता सगळं कळलं आहे. काकूंना भीती होती तसं मात्र झालं नाही. उमाठ्यांनी गच्चीवर उन्हाच्या जागी फळा टांगून दिला, आणि शिकवणी आता मोकळ्या हवेत भरते. मुलं लांब लांब बसतात. नाक वाहत असेल तर आपणहून घरी थांबतात. काकूंना मी विचारलं, हे लिहिलं तर चालेल का. त्या म्हणाल्या, “लिही. पण नावं बदल, आणि मी चुकीचं गणित शिकवते असं कुठं लिहू नको.”

काकू घरी आल्या त्या संध्याकाळी मी सवयीनं काकांना जेवायला बोलवायला वर गेलो. दार उघडंच होतं. मी बाहेरच थांबलो. आत ओट्यापाशी काका तांदूळ धूत होते, आणि पलंगावरून काकू सांगत होत्या, “अहो, एक मूठ जास्त झाला. किती खाणार आपण दोघं?”

“राहू दे,” काका म्हणाले, “उरला तर सकाळी फोडणीचा करू.”

मी बेल न वाजवता खाली आलो आणि वैशालीला म्हटलं, आज आपल्या तिघांचीच ताटं घे.